गैरहजर इसमातर्फे

आमच्या स्टाफरूममध्ये कोणाची निंदा करायची असेल, तर भालेराव सर आसपास नाहीत ना, हे आधी पाहून घ्यावं लागे. समोर नसलेल्या माणसाबद्दल एक वाकडा शब्द निघाला, की खिडकीजवळच्या टेबलामागे खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. सर उभे राहायचे, शर्टाचं वरचं बटण लावायचे, घसा साफ करायचे आणि म्हणायचे, “गैरहजर इसमातर्फे मी.”

की उलटतपासणी सुरू.

समजा मी म्हटलं, कँटीनचा गणपत आज पुन्हा चहात साखर घालायला विसरला. “बाई, तो चहा आपण प्यायलात?” “हो, पण...” “पण नको. हो किंवा नाही. गेल्या आठवड्यात आपण गणपतला, ‘अरे, किती साखर घालतोस, माणसं मारतोस का,’ असं म्हणाला होतात?” म्हणाले होते. अख्ख्या स्टाफरूमने ऐकलं होतं. “दुसरा प्रश्न नाही,” असं म्हणून सर खाली बसायचे आणि पुन्हा पेपर तपासायला लागायचे. गणपतला बिचाऱ्याला आपला खटला उभा राहिला आणि निकाली निघाला याचा पत्ताही नसायचा.

एकदा मी माझ्या सासूबाईंबद्दल बोलायला लागले. सासू हा विषय तरी कुठल्याही न्यायालयाच्या कक्षेत येत नसावा, अशी माझी भाबडी समजूत. सर उठले. “आपल्या सासूबाई रात्री कोणाबरोबर जेवतात?” मी म्हटलं, त्या लवकर जेवतात, आम्हाला घरी यायला उशीर होतो, म्हणून एकट्याच. “म्हणजे दिवसभर एकट्या, जेवायला एकट्या, आणि बदनामी मात्र चारचौघांत?” सगळे हसले. मी इतकी चिडले की त्या दिवसापासून घरी जाऊन मुद्दाम सासूबाईंबरोबर जेवायला बसू लागले. त्यांची आमटी अजूनही खारट असते, पण ते बोलून दाखवायची सोय राहिलेली नाही.

हे वकीलपत्र फक्त माणूस गैरहजर असेपर्यंतच चाले. ज्याच्या बाजूने सर भांडत असतील तो दारातून आत आला, की सर तोंडातलं वाक्य तिथेच टाकून बसायचे. “ते आता हजर आहेत. त्यांचं ते बघतील.” एवढंच नाही, तर त्याच माणसाला मग स्वतः फाडून खायचे. प्राचार्यांची तर त्यांनी पाठीमागे इतकी बाजू घेतली आणि तोंडावर इतकी खरडपट्टी काढली, की प्राचार्य त्यांना आपला शत्रू समजत. आमच्या कॉलेजात, आणि मला वाटतं सगळ्याच कॉलेजांत, रीत याच्या बरोबर उलट आहे. त्यामुळे सरांना बढती कधी मिळाली नाही, यात नवल नाही.

आमचं कायद्याचं कॉलेज वाघोलीला. नगर रस्त्यावरून आत वळलं की दोन उंच गृहसंकुलांच्या मधोमध काचेची सहा मजली इमारत दिसते, ती आमची. लिफ्टमध्ये संगीत वाजतं. मी करारांचा कायदा शिकवते, म्हणून सर मला ‘करारबाई’ म्हणत. ते प्रत्येकाला त्याच्या विषयानेच ओळखत. देशमुख ‘बँकिंगवाले’, प्राचार्य पूर्वी कर शिकवायचे म्हणून ते ‘करवसुली’. स्वतः सर शिकवायचे ‘सामाजिक न्याय आणि कायदा’. त्यामुळे पोरं त्यांना मागून काय म्हणायची ते मी इथे सांगत नाही, सर आता कॉलेजात नसले तरी.

सरांचं बालपण येरवड्यात, तुरुंगाच्या भिंतीपासून दोन गल्ल्या सोडून गेलं. छप्पन साली आजोबांनी धम्म स्वीकारला, वडील खडकीला कारखान्यात लागले, आणि हा मुलगा वकील झाला. शिवाजीनगर कोर्टात बरी चाललेली वकिली सोडून तो मास्तर झाला तेव्हा वडील महिनाभर बोलले नाहीत म्हणे. आमच्या धंद्यात एक नियम आहे. पूर्ण वेळ पगारी मास्तर झालात, की वकिलीची सनद बाजूला ठेवायची. काळा कोट घालून कोर्टात कोणाच्या वतीने उभं राहता येत नाही. “म्हणून ही स्टाफरूम हेच माझं कोर्ट, करारबाई,” सर म्हणत. “इथे सनद लागत नाही. अशीलही लागत नाही.”

वकिली सोडलीत तरी कशाला, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, “सोपं गणित आहे. मी खटला चालवला तर एक माणूस सुटतो. मी वर्ग शिकवला तर त्यातून खटले चालवणारे साठ निघतात.”

“निघाले का?”

“उत्तर राखीव,” सर म्हणाले.

दर वर्षी पहिल्या तासाला सर वर्गात जायचे, हजेरी घ्यायचे नाहीत, आणि फळ्याकडे पाठ करून एकच प्रश्न विचारायचे. “या खोलीत कोण नाही?”

पोरांना वाटे हजेरीच चालली आहे. “सर, आदित्य नाहीये, त्याला व्हायरल झालाय.” “सर, श्रेया ऑन द वे आहे.” सर थांबायचे. “अजून कोण नाही?” मग कोणीतरी हुशार सांगायचा, “सर, एसीचा रिमोट.” सर हे दर वर्षी सहन करायचे. मग हळूहळू ज्याला त्याला एकेक गैरहजर माणूस वाटून द्यायचे. बिल्डरच्या मुलाला त्याच्याच साइटवरचा गवंडी, डॉक्टरीणबाईंच्या मुलीला त्यांच्याकडची पोळीवाली. वर्षभर त्या माणसाचं वकीलपत्र त्या मुलाकडे. कुठलाही कायदा शिकायला घेतला, की आधी तुझ्या अशिलाला याने काय होतं ते सांग.

कागदावर हे फार सुंदर दिसतं. प्रत्यक्षात मुलं विचारायची, “सर, हे एक्झामला आहे का?” नाही म्हटलं की अर्धा वर्ग मोबाइलमध्ये. “सर, प्लेसमेंटला याचा यूज काय?” असं विचारून उरलेला अर्धा. पोळीवालीच्या वकिलाला वर्षाअखेर पोळीवालीचं आडनाव माहीत नसे. सोसायटीच्या लिफ्टमधून कामवाल्या बायकांना जाऊ द्यावं की नाही यावर सरांनी एकदा वादविवाद ठेवला. तीन मुलांनी जाऊ देऊ नये ही बाजू इतक्या जीव तोडून मांडली, की सरांनाच पाणी प्यावं लागलं. त्यातला एक आता मोठ्या फर्ममध्ये सोसायट्यांच्या नियमावल्या लिहून देतो. दिवाळीला सरांना न चुकता सुक्या मेव्याचा डबा पाठवतो. “सर, आर्ग्युमेंट करायला तुम्ही शिकवलंत.” सर तो डबा उघडा करून गणपतपुढे ठेवायचे आणि बाहेर जाऊन उभे राहायचे.

गेली दोन-तीन वर्षं तर मुलं उत्तरंही स्वतः लिहीत नाहीत. सरांनी गठ्ठ्यातले दोन निबंध एकदा माझ्यापुढे ठेवले. दोन्हींत शोषितांविषयी तीच कळकळ, त्याच क्रमाने, त्याच स्वल्पविरामांसकट. “बघा,” सर म्हणाले, “यांचा कळवळासुद्धा आता यंत्राकडून येतो. बरं, तो आपल्या कळवळ्यापेक्षा शुद्ध लिहिलेला असतो.” मी हसले. ते हसले नाहीत. दोन्ही निबंधांना त्यांनी पास केलं. का, तर नापास करायला म्हणे वाद घालायची इच्छा लागते.

ही यंत्रं यायच्या आधी, अशाच एका वर्गात ऋतुजा आली.

ऋतुजा वाघोलीचीच. रस्ता रुंद व्हायच्या आधी इथे ज्यांची शेती होती, त्यांतल्या एका घरातली. वडील आण्णा, पांढरी टोपी, पांढरी गाडी. जमीन विकून झाल्यावर माणसाला सकाळी उठून काय करायचं हे कळत नाही, तसं त्यांचं होतं. लेकीला वकील करायचं, म्हणजे उरलेल्या जमिनीची प्रकरणं घरच्या घरी निघतील, एवढा साधा हिशोब.

पहिल्या तासाला सरांनी विचारलं, “या खोलीत कोण नाही?” व्हायरल झालं, ऑन द वे झालं. मग ही मागून म्हणाली, “सर, ही खोली ज्यांनी बांधली ते नाहीत. ते मागं पत्र्याच्या खोपटात राहतात. आणि आधी ही जमीन आमची होती. हरभरा व्हायचा इथं.”

सर त्या दिवशी तास अर्धवट सोडून स्टाफरूममध्ये आले आणि चहा मागवला. सगळ्यांसाठी. आम्हाला वाटलं, त्यांच्या घरी काहीतरी शुभकार्य ठरलं. तसं घरी कोणी नव्हतंच. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. “करारबाई,” ते मला म्हणाले, “एक मिळाली.” इतक्या वर्षांत त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. मला थोडा रागही आला. साठ मुलांपुढे घसा फोडायचा आणि एक मिळाली म्हणून चहा पाजायचा, हा कुठला व्यवहार? पण मी काही बोलले नाही, कारण मला आजवर तशी एकही मिळालेली नाही.

ऋतुजा पास झाली, सनद घेतली. फर्मची नोकरी आलेली सोडली, उरलेल्या जमिनीची प्रकरणंही सोडली, आणि त्या खोपटांशेजारी एक टेबल टाकून बसली. मजुरांचे थकलेले पगार, शाळेचे दाखले, रेशनकार्डं. आण्णांनी बोलणं टाकलं. ती खोपटं ज्या जमिनीवर होती, तीही पूर्वी त्यांचीच, आता बिल्डरची. मग उन्हाळ्यात एक दिवस खोपटं पाडायला पथक आलं. ऋतुजा पुढे उभी राहिली. मागून कोणीतरी दगड मारला, एका कर्मचाऱ्याचं डोकं फुटलं. दगड कोणी मारला ते कोणाला ठाऊक नव्हतं, पण पुढे कोण उभं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. सरकारी कामात अडथळ्यापासून जिवे मारण्याच्या प्रयत्नापर्यंत सगळी कलमं लागली. जामीन नाकारला गेला. पोरगी येरवड्याच्या महिला तुरुंगात गेली.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये दुसरा विषय नव्हता. बँकिंगवाले देशमुख म्हणाले, “मी म्हणतच होतो. असले विषय शिकवले की पोरं बिघडतात. आता भोगा म्हणावं.”

आम्ही सगळे खिडकीकडे पाहायला लागलो. आता खुर्ची सरकणार, बटण लावलं जाणार. ऋतुजाइतकं गैरहजर त्या दिवशी अख्ख्या पुण्यात दुसरं कोणी नव्हतं.

सर उठले नाहीत. पेपर तपासत राहिले. हातातल्या लाल पेनाचं टोपणही त्यांनी काढलेलं नव्हतं, हे मी बघितलं. घंटा झाल्यावर कप धुऊन ठेवला आणि तासाला गेले. देशमुख इतके गोंधळले, की थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, “नाही, तशी पोरगी हुशार होती हं.”

त्यानंतर सर स्टाफरूममध्ये कोणाच्याच वतीने उभे राहिले नाहीत. निंदा बिनबोभाट होऊ लागली आणि आश्चर्य म्हणजे तिची गोडी गेली.

जूनमध्ये नवीन वर्ष सुरू झालं. सरांचा विषय ऐच्छिक. ऐच्छिक विषयाला दहा मुलं आली नाहीत तर तो बंद करायचा, असा आमच्याकडे नियम आहे. त्या वर्षी एक आला. तोही पोर्टलवर चुकून. त्याला यादीतला त्याच्या खालचा ‘क्रीडा कायदा’ हवा होता. तरी सरांनी त्या एकट्याला पहिला तास दिला. “या खोलीत कोण नाही?” म्हणून विचारलं. तो म्हणाला, “सर, मी सोडून सगळेच.” सर म्हणाले, उत्तर बरोबर आहे, आणि त्याला क्रीडा कायद्यात बदलून दिलं.

मी त्यांना म्हटलं, “मी माझ्या वर्गातून नऊ-दहा पोरं पाठवते. अंतर्गत गुणांचं बघू म्हटलं की येतील.”

“लाच देऊन न्याय शिकवू?”

“अहो, विषय वाचेल!”

“विषय वाचेल,” ते म्हणाले, “पण मग शिकवायचं काय?”

प्राचार्यांनी बैठक बोलावली. आम्ही काही जण पदर खोचून गेलो होतो. माझ्याजवळ मुद्दे होते. सर काहीतरी जबरदस्त बोलतील आणि आपण माना डोलवू, अशी तयारी होती. प्राचार्यांनी भीतभीतच विषय काढला. सर म्हणाले, “बंद करा.”

“अं?”

“बंद करा. दुसरं काय ठेवताय?”

“स्टार्टअप आणि कायदा,” प्राचार्य पुटपुटले.

“छान. मुलं येतील,” सर म्हणाले, आणि खिशातून राजीनामा काढून टेबलावर ठेवला.

आम्ही तोंडात मारल्यासारखे बाहेर आलो. मला इतका संताप आला, की स्टाफरूममध्ये येऊन मी मोठ्याने म्हटलं, “जन्मभर दुसऱ्यांची भांडणं भांडले, आणि स्वतःची वेळ आली तर शेपूट घातलं!” खोली भरलेली होती. सरांच्या वतीने कोणी उठलं नाही.

निरोप समारंभाला ते आले नाहीत. त्यांची पुस्तकं माझ्या टेबलाखाली पडून राहिली. ऑक्टोबरातल्या एका सकाळी सुट्टी होती, म्हणून ती दोन पिशव्यांत भरून, स्कूटरला लटकवून मी येरवड्याला गेले. खरं सांगायचं तर पुस्तकं द्यायला नाही, भांडायला.

सर घराला कुलूप लावत होते. अंगात काळा कोट. ऑक्टोबरचं ऊन, आणि हा माणूस डांबराच्या गोळ्यांच्या वासाचा, पोटावर न मिटणारा कोट घालून दारात उभा. मला भांडायचं सुचेना.

“हे काय सोंग?”

“सनद परत मिळाली,” ते म्हणाले. “पगारी मास्तर होतो तोवर मिळत नव्हती. तुरुंगावर निघालोय. येताय?”

चालता चालता त्यांनी सगळं सांगितलं. विषय बंद झाला म्हणून त्यांनी नोकरी सोडली नव्हती. नोकरी सोडायचीच होती, म्हणून विषय बंद होऊ दिला होता. “दोन्हीकडे लढायची ताकद राहिली नाही, करारबाई. त्या दिवशी देशमुख बोलले तेव्हा मी उठणार होतो. मग मनात आलं, इथे उठून काय होणार? इथला निकाल कोण मानतो? पोरीला उभं राहायला मी शिकवलं. ती उभी राहिली. आणि मी स्टाफरूममध्ये बटण लावतोय! शरम वाटली. साठ वकील तयार करणार होतो. एक झाला आणि तोच आत गेला. मग निदान त्या एकाचं वकीलपत्र तरी आपण घ्यावं.”

“तिने दिलंय?”

“आज विचारणार आहे. आण्णांच्या हाती निरोप दिलाय.”

मी रस्त्यातच थांबले. “म्हणजे तिला अजून विचारलंच नाहीत?”

“हातात सनद नसताना विचारणं बरं दिसलं नसतं.”

“अहो, आधी प्रस्ताव, मग स्वीकार, मग मोबदला! पहिल्या वर्षाच्या पोरांना कळतं हे! तुम्ही नोकरी दिलीत, वर्ग दिलात, आणि समोरच्याने हो म्हटलेलं नाही!”

“तुमच्या विषयात मी कच्चाच होतो,” सर म्हणाले.

फाटकाबाहेर पत्र्याची शेड आहे. भेटीला आलेल्या बायका, म्हातारे, कडेवरची पोरं, कपड्यांच्या पिशव्या. सर तिथे ओळखीचे दिसले. एका बाईने सरकून त्यांना कट्ट्यावर जागा दिली. ते दर आठवड्याला यायचे, हे मला तिथे कळलं. नातेवाईक नाहीत, म्हणून आत सोडत नसत. आण्णा आत जाऊन येईपर्यंत बाहेर बसायचे आणि आण्णा आले की त्यांच्या तोंडाकडे बघून परत जायचे. आण्णा त्यांच्याशी बोलत नव्हते. लेक आत गेली ती या माणसापायी, हे त्यांचं मत पक्कं होतं. आधीच्या आठवड्यात सरांनी हात जोडून निरोप सांगितला, तेव्हाही ते नुसते बघून निघून गेले होते.

आम्ही बसून राहिलो. सरांनी कोटाचं बटण लावायचा प्रयत्न केला, ते काही लागलं नाही. तीस वर्षांत जो माणूस कोणापुढे दबला नाही, तो एका पंचवीस वर्षांच्या पोरीच्या होकारासाठी घामाघूम झाला होता. मला त्यांची इतकी दया आली, की आणलेली सगळी भांडणं मी तिथेच सोडून दिली.

आण्णा बाहेर आले. टोपी हातात होती. नेहमीसारखे पुढे निघून न जाता ते आमच्यासमोर येऊन थांबले.

“इचारलं,” ते म्हणाले.

सर उभे राहिले.

“नको म्हनली.”

सरांनी कोट दोन्ही हातांनी पुढे ओढून धरला.

“वकील मी दिलाय की शिवाजीनगरचा. मोठा हाय. तिनं सांगितलंय, कोर्टात वकील पैशाला पासरी मिळतात, सरांनी तिथं यायचं न्हाई. सरांनी वर्ग सोडायचा न्हाई.” आण्णांनी टोपी झटकली, पुन्हा हातातच धरली. “आत बाया तिला इचारतात म्हनं, हे कायदेबियदे तुला कुनी शिकवलं. तर ही त्यास्नी सांगती, आमच्या सरांचा वर्ग असतो, वाघोलीला. आता ह्या टायमाला चालू आसंल, आसं घड्याळ बघून सांगती. तेवढ्यावरच दिस काढती पोरगी.” ते थांबले. “म्या तुमास्नी लई शिव्या दिल्यात मास्तर. पन तिला आज पयल्यांदा हसताना बघितलं. वर्ग चालू हाय न्हवं?”

सरांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. त्या वर्गात आता ‘स्टार्टअप आणि कायदा’ चालतो. सत्तर मुलं आहेत.

“चालू आहे,” सर म्हणाले. आवाज साफ होता. “तिला सांगा, यंदा बाक कमी पडतायत.”

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. “तुमी बी तिथंच शिकवता न्हवं, बाई? खरं का?”

“खरं आहे,” मी म्हटलं. “माझ्या वर्गातून खुर्च्या नेतात.”

आण्णांचा चेहरा निवळला. “मग सांगतो पुढल्या बारीला. पन नुसतं एवढ्यावर ऐकायची न्हाई ती. खोदून खोदून इचारती. कोन पोरं हाईत, काय इचारत्यात, सर काय बोलले. काय सांगू म्या अडानी मानूस?”

सर कट्ट्यावर बसले. थोडं सरकून त्यांनी आण्णांना शेजारी जागा करून दिली. काळा कोट काढून मांडीवर घेतला. ते फाटकाकडे बघत होते, आणि मला वाटलं, आता रडतील.

“लक्षात ठेवा हं, नीट सांगा,” सर म्हणाले. “एक मुलगी आलीय यंदा. मागे बसते. पण फार प्रश्न विचारते.”